‘अंधार अभिक्रिया’ : एका शब्दाची शेतीला पडणारी किंमत

कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला प्रकाशसंश्लेषणाचे टप्पे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : प्रकाश अभिक्रिया आणि अंधार अभिक्रिया. पहिल्या टप्प्यात सूर्यप्रकाशाच्या बळावर ऊर्जा साठवली जाते. दुसऱ्यात, प्रकाशाची गरज न लागता, कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार होते. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. पानात मात्र असे घडत नाही. तथाकथित अंधार अभिक्रिया अंधार पडताच थांबते आणि ती केवळ ऊर्जेचा पुरवठा तुटल्यामुळे थांबत नाही. तिची प्रमुख विकरेच निष्क्रिय केली जातात. ही बाब विज्ञानाला अर्ध्या शतकापासून ज्ञात आहे. तरीही जुनी संज्ञा टिकून आहे आणि तिच्या आडोशाला पीक संशोधनातील काही महत्त्वाचे प्रश्न दुर्लक्षित राहिले आहेत.

मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने कार्बन स्थिरीकरणाचे चक्र उलगडले. त्यासाठी कॅल्विन यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे कार्य कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रांगणात झाले. त्याच प्रांगणात पुढील दोन दशकांत बॉब ब्यूकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या चक्रातील विकरे प्रकाशाच्या आज्ञेवाचून कामाला लागत नाहीत.

ही आज्ञा पोहोचवण्याची व्यवस्था विलक्षण आहे. हरितद्रव्याने प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह सुरू होतो. त्यातील काही इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाकडून एका मध्यस्थ विकराकडे आणि तेथून थायोरेडॉक्सिन या लहानशा प्रथिनाकडे जातात. थायोरेडॉक्सिन हा निरोप्या. तो कॅल्विन-बेन्सन चक्रातील निवडक विकरांपाशी जाऊन त्यांच्या रेणूंतील गंधकाचे बंध सोडवतो. बंध सुटले की विकराचा आकार बदलतो आणि ते कार्यक्षम होते. अंधार होताच हे बंध पुन्हा जुळतात आणि विकर झोपी जाते. ज्वारी, मका, ऊस यांसारख्या सी-४ पिकांतील मॅलेट डीहायड्रोजिनेज या विकरावरही हाच अंमल चालतो.

वनस्पतीने एवढा खटाटोप का करावा? रात्री पान साठवलेला स्टार्च मोडून आपला निर्वाह करते. त्याच वेळी शर्करा बनवणारी यंत्रणाही चालू राहिली, तर एका हाताने बांधायचे आणि दुसऱ्या हाताने पाडायचे, असा निरर्थक व्यय होईल. म्हणूनच दिवसा बांधणारी विकरे जागी होतात, तर शर्करा मोडण्याच्या मार्गावरील ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज हे हरितलवकातील विकर प्रकाशात निष्क्रिय होते.

कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष पकडणारे विकर म्हणजे रुबिस्को. त्याची कथा थोडी वेगळी आहे. प्रकाशात हरितलवकाच्या द्रवभागाचा सामू सुमारे ७ वरून ८ पर्यंत चढतो, तेथील मॅग्नेशियम वाढते आणि ही स्थिती रुबिस्कोला पोषक ठरते. परंतु त्याच्या क्रियास्थळी काही शर्करा-फॉस्फेट घट्ट अडकून बसतात. त्यांना बाहेर काढणारे मदतनीस प्रथिन म्हणजे रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज. १९८२ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिसच्या एका उत्परिवर्तित रोपावरून त्याचा माग लागला आणि १९८५ मध्ये ते प्रथिन निश्चित झाले.

येथवरचे विवेचन प्रयोगशाळेतील वाटेल. त्याचा शेताशी संबंध ‘वेळ’ या एका शब्दात आहे. शेतातील पानाला दिवसभर अखंड ऊन मिळत नाही. ढग सरकतात, वरची पाने वाऱ्याने हलतात, खालच्या पानांवर कवडसे क्षणभर पडतात आणि नाहीसे होतात. सावलीतले पान उन्हात आले की थायोरेडॉक्सिनच्या अखत्यारीतील विकरे तुलनेने लवकर जागी होतात. रुबिस्कोला पूर्ण सक्रिय होण्यास मात्र कित्येक मिनिटे लागतात. तोवर कवडसा निघून गेलेला असतो. टेलर आणि लाँग या संशोधकांनी २०१७ मध्ये गव्हाविषयी मांडलेल्या अंदाजानुसार, सावलीतून उन्हात येतानाच्या या विलंबापायी किमान २१ टक्के उत्पादकता गमावली जात असावी. हा आकडा प्रतिमानावर आधारलेला आहे. तो जसाच्या तसा प्रत्येक शेताला लावता येणार नाही. परंतु त्याच्या निम्मा तोटा जरी खरा असला, तरी तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज माफक उष्णतेनेही मंदावते. रुबिस्को स्वतः त्याहून अधिक तापमान सोसते. १९०१ पासूनच्या नोंदींत मार्च २०२२ हा देशातील कमाल तापमानाच्या सरासरीने सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणे भरण्याच्या काळात गव्हाला त्याची झळ बसली आणि मे महिन्यात गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. त्या हानीचे सारे खापर एका प्रथिनावर फोडणे अशास्त्रीय ठरेल. पक्वता लवकर येणे, पाण्याचा ताण, परागकणांचे नुकसान अशी उष्णतेच्या माऱ्याची अनेक रूपे असतात. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गव्हाच्या अ‍ॅक्टिव्हेजमधील एकच अमिनो आम्ल बदलल्याने, परीक्षानळीत, त्याचे अनुकूलतम तापमान ५ अंश सेल्सिअसने वाढल्याचे दिसले. उष्णतेच्या झळा सोसणाऱ्या देशाने हा धागा हातचा सोडू नये.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो : पानातील प्रकाशसंश्लेषण वाढले म्हणून कोठारातील धान्य वाढतेच असे नाही, नत्र, पाणी आणि दाण्यांची साठवणक्षमता यांचाही वाटा असतो. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष हात बांधून बसण्याचा नव्हे, तर शेतात तपासून पाहण्याचा आहे. तंबाखूत प्रखर उन्हापासूनची संरक्षक यंत्रणा सावलीत लवकर शिथिल होईल अशी योजना केल्यावर शेतातील झाडांचे शुष्क वजन सुमारे १५ टक्के वाढल्याचे २०१६ मध्ये नोंदवले गेले. ती यंत्रणा निराळी असली, तरी बदलत्या प्रकाशाला पान किती चपळाईने सामोरे जाते याला मोल आहे, हे त्यातून दिसते.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. वाणांची पारख करताना स्थिर, प्रखर प्रकाशातील कमाल वेगाबरोबरच सावलीतून उन्हात आल्यावर पान किती मिनिटांत पूर्ण वेग घेते, याचीही नोंद व्हावी. वायुविनिमय मोजणाऱ्या उपकरणांनी ती घेता येते. जनुककोशांतील जुन्या गहू-भात वाणांत ही चपळाई आणि अ‍ॅक्टिव्हेजची उष्णतासहिष्णुता शोधली जावी. सोयाबीन-तूर यांसारख्या आंतरपिकांच्या चाचण्यांत ओळींचे अंतर ठरवताना खालच्या पिकावर पडणाऱ्या कवडशांचाही विचार व्हावा.

आणि या साऱ्याची सुरुवात वर्गातून व्हावी. ‘अंधार अभिक्रिया’ऐवजी ‘कार्बन स्थिरीकरण अभिक्रिया’ म्हणण्यास कोणताही खर्च येत नाही. हा टप्पा अंधाराचा आहे, असे शिकलेला पदवीधर त्यावर प्रकाशाचा काय परिणाम होतो, हे मोजायला सहसा जाणार नाही. तो प्रकाशाच्या आज्ञेने चालतो, असे शिकलेला पदवीधर ढगाळ दिवशी शेताच्या बांधावर उभा राहील, तेव्हा पिकाला किती ऊन मिळाले एवढेच न विचारता, मिळालेल्या उन्हाला पीक किती लवकर जागे झाले, हेही विचारील.