मराठीत प्रेम करता येत नाही म्हणे!

"मराठी ही भांडायची भाषा आहे रे, प्रेम करावं तर इटालियनमध्ये!" हे वाक्य मी आजवर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, ट्रेकला आणि एकदा तर चक्क लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. म्हणणारा दरवेळी मराठीच असतो आणि त्याची इटालियन पिझ्झाच्या मेनूकार्डापाशी संपते. मी वर्षभर हौसेने इटालियनच्या क्लासला गेलोय, त्यामुळे या विधानाची आज जरा हजेरी घेतो.

तर मंडळी, इटालियनमध्ये प्रेमाची मुख्य वाक्यं दोन. पहिलं, 'ती आमो'. यातली 'ती' म्हणजे आपल्या मनातली 'ती' नव्हे, 'ती' म्हणजे 'तुला' :-) हे वाक्य प्रियकर-प्रेयसीचं, नवरा-बायकोचं. आईला सहसा कुणी 'ती आमो' म्हणत नाही. आई, भाऊ, आजोबा, जुना मित्र यांच्यासाठी दुसरं वाक्य आहे, 'ती वोल्यो बेने'. अर्थ साधारण असा, की 'तुझं भलं व्हावं असं मला वाटतं'. एसेमेसच्या जमान्यात तिथल्या पोरांनी त्याचं 'टीव्हीबी' करून टाकलं. प्रेम जास्त असेल तर मध्ये आणखी एक 'टी', म्हणजे 'खूप'.

आता मला सांगा, यात आपल्याला परकं काय आहे? 'तुझं भलं होवो' हे आपल्या आज्या रोज म्हणत आल्या. आद्याक्षरांचं म्हणाल, तर पोस्टकार्डावर 'सा. न. वि. वि.' लिहिणाऱ्यांना कॉम्प्रेशन कुणी शिकवू नये. त्या एवढ्याशा कार्डावर पाऊसपाणी, उसनवारी, पाहुणेरावळे सगळं कोंबूनही शेवटची ओळ 'लोभ असावा' यासाठी राखलेली असायची. व्याकरणही जुळतं बरं का! 'तू मला आवडतेस' याला इटालियन म्हणतो 'मी प्याची'. यातला 'मी' म्हणजे 'मला'. दोन्हीकडे वाक्याचा कर्ता आवडणारा माणूस नसून आवडलेलं माणूस असतं. इंग्रजीत हे असं नाही.

मग फरक कुठे आहे? फरक दिशेचा आहे. आपले प्रेमाचे बरेच शब्द वन-वे आहेत. माया वरून खाली येते, आईची लेकरावर. आशीर्वादही वरूनच. खालून वर जातो तो आदर आणि नमस्कार. मुलाने आईला "माझी तुझ्यावर माया आहे" म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. 'ती वोल्यो बेने' मात्र आई मुलाला म्हणते, मुलगा आईला म्हणतो, दोन दांडगे मित्रही एकमेकांना म्हणतात. असा दोन्ही बाजूंनी चालणारा शब्द मराठीत नाहीच का?

आहे की! 'जीव'. जीव लावणे, जीव जडणे, जिवलग, जिवाभावाचा, जिवाला जीव देणारा. 'माझा तुझ्यावर जीव आहे' हे वाक्य आईला चालतं, बायकोला चालतं, मित्राला आणि मुलीलाही चालतं. आणि इटालियनवाला फक्त भलं चिंततो, आपण थेट जीवच देऊन बसतो! शब्द तयार आहे, वापरायला आपण तयार नाही. दोष भाषेच्या माथी मारणं सोपं, एवढंच.

खोटं वाटतं? आमच्या खोडदला या. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीचं वेड पूर्वापार. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२३ साली त्याच कोर्टाने राज्याचा कायदा वैध ठरवला, मधली बरीच वर्षं लोक नुसते तळमळत होते. शर्यती असाव्यात की नसाव्यात हा वाद वेगळा. पण बैलाशी बोलताना गावातला गडी ऐका. माझ्या राजा, माझ्या वाघा, गळ्यात गळा, कपाळावर मुका. "लय जीव लावलाय याला" हे चार लोकांत छाती फुगवून सांगतो. तोच गडी घरी गेला की बायकोशी बोलण्यासाठी त्याच्याकडे दोनच वाक्यं असतात, "पाणी आण" आणि "मीठ कमी आहे". मराठी तीच, माणूसही तोच. मग मुकी काय, भाषा?

इथे लगेच नेहमीचं उत्तर येतं, "आपल्याकडे बोलून दाखवत नाहीत, करून दाखवतात." त्याला जोडून 'जेवलास का?' म्हणजेच मराठी आय लव्ह यू, वगैरे. हे मला अर्धंच पटतं. वडील गावाहून द्राक्षांची पेटी पाठवतात त्यात प्रेम असतं, मान्य. पण 'बोलायचं नाही' हा नियम फक्त प्रेमालाच का? राग आपण बोलून दाखवतो. नापास झालो, भाजी करपली, पगार कमी पडला, की शब्द कसे भराभर सापडतात! तीस वर्षं चुलीपुढे घाम गाळणाऱ्या बाईला प्रत्येक चूक शब्दांत मिळते, आणि प्रेम मात्र तिने अंदाजाने ओळखायचं. ही काही संस्कृती नव्हे, सोय आहे. आणि ती कुणाची सोय आहे हे सांगायला नको.

बायकांना बोलायचं नव्हतं असंही नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी, तर त्यांनी उखाण्यात यमक जुळवून ते घेतलं. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीपासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, त्या एक लाखाच्या वर भरल्या. २०१७ पासून त्या 'परी' या संकेतस्थळावर येऊ लागल्या. आई, भाऊ, लेक, लेकरू, सगळ्यांवरचं प्रेम त्यात उघड उघड आहे. म्हणजे लाखभर वेळा बोलून झालंय, फक्त पहाटे, जात्यापुढे, घर झोपलेलं असताना. आणि पुरुषांना जमतच नाही म्हणाल, तर साने गुरुजींची पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे' काढून वाचा.

खोडदचं नाव जगाला माहीत आहे ते मात्र बैलांमुळे नव्हे, जीएमआरटीमुळे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, अवकाशातल्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या. २०२३ साली जाहीर झालं, की ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा सिग्नल या दुर्बिणीने पकडला. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेने तो वाढवून दिला म्हणून तो कळला. आपल्या घरांतही वडिलांचं प्रेम असंच येतं, आईमार्फत. "अरे, ते बोलत नाहीत, पण त्यांना फार वाटतं हो तुझं." आई गेली की हा सिग्नल बंद. मग बाप आणि लेक फोनवर एकमेकांना हवामान सांगत बसतात.

आपल्या पिढीने यावर काढलेला उपाय म्हणजे 'लव्ह यू' आणि लाल बदाम. मित्रमंडळींत चालतो, पण गावाकडच्या आईला तो कळतो तरी किती? तिच्या लेखी ती सिनेमातली भाषा. तिला तिच्याच भाषेत सांगायला हवं, आणि तेही ऐकू येतंय तोवर. आपले आईबाप आता सत्तरीकडे झुकलेत, हिशोब तुम्हीच करा.

तेव्हा या रविवारी गावी फोन केलात की औषधं, हप्ता, पाऊस वगैरे झाल्यावर एकदा म्हणून बघा, "आई, लय जीव आहे माझा तुझ्यावर." किंवा "नाना, तुमच्यावर जीव आहे माझा." पलीकडे दहा सेकंद शांतता पसरेल. मग बहुतेक "पिऊन बोलतोयस काय रे?" असं येईल. येऊ दे. पुढच्या रविवारी परत म्हणा. आणि रेंज नव्हती ही सबब निदान आम्हा खोडदवाल्यांना तरी सांगू नका!