गाडी जास्त पेट्रोल पिते की आपलं मोजणं चुकतं?



16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. (आपल्या चांदूर बाजार तालुक्यातलं बेलोरा नव्हे, बडनेऱ्याकडचं!) तेव्हापासून वर्गात विमानाचाच विषय. मापनाचा पाठ चालू असताना एकाने विचारलं, "सर, विमान किती अ‍ॅव्हरेज देते?"

लहान विमानाचा हिशोब किलोमीटरवर नाही, तासावर करतात. सेस्ना 172 हे चार जणांचं विमान तासाला साधारण 30 ते 35 लिटर पेट्रोल घेतं. मी विचारलं, अचानक 42 लागायला लागलं तर? सगळा वर्ग ओरडला, "इंजिन खराब!"

आपणही हेच म्हणतो. पण जाणकार माणूस आधी मोजमाप तपासतो. विमान उतरत्या जागेवर उभं करून टाकीत पट्टी बुडवली होती का? आकडा लिटरचा की गॅलनचा? अमेरिकी गॅलन म्हणजे 3.785 लिटर. मग उड्डाण कसं झालं ते विचारायचं. उंचावर हवा विरळ होते, तेव्हा वैमानिकाने हाताने पेट्रोलचं प्रमाण कमी करावं लागतं. ते राहिलं तर इंजिन उगाच जास्त पितं. टाकीचं झाकण नीट बसलं नसेल तर पंखावरून वाहणारी हवा पेट्रोल बाहेर ओढते. हे पेट्रोल निळ्या रंगाचं असतं, त्यामुळे गळतीचा डागही निळा दिसतो. इतकं पाहून झालं की मग इंजिन उघडायचं.

सांगायला लाज वाटते, पण मी स्वतः उलटं केलं होतं. माझी मोटारसायकल 55 चं अ‍ॅव्हरेज द्यायची. एकदा 165 किलोमीटरला साडेतीन लिटर लागलं, म्हणजे 47. मी कार्बोरेटर खोलायला निघालो. हेच गणित वर्गाला घातलं, तर मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, मागच्या वेळी टाकी साइड स्टँडवर भरली होती का?" मी त्याला गप्प बसवलं. घरी जाताना आठवलं, खरंच तसंच होतं. तिरप्या गाडीत पेट्रोल कमी मावलं आणि पुढच्या वेळी सरळ उभ्या गाडीत तेवढं जास्त गेलं. पुन्हा नीट मोजलं, तर 55 च्या आसपासच आलं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली.

माझं स्पष्ट मत आहे की मापनाची आपली उदाहरणं फार सरळ आहेत. आकडे दिलेले, ते बरोबरच असणार, फक्त भागायचं. आकड्यावर शंका घ्यायला आपण शिकवतच नाही. आणि एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापून मोकळे होतो. 1983 साली कॅनडात एका मोठ्या विमानाचं इंधन हवेतच संपलं. लिटरचे किलो करताना 0.8 ने गुणायचं होतं, गुणलं 1.77 ने. तो आकडा पौंडांचा होता. किलो समजून भरलं ते निम्म्याहून कमी. वैमानिकांनी इंजिन बंद पडलेलं विमान गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं म्हणून सगळे वाचले.

मी आता एकक नसलं की पूर्ण गुण कापतो. दोन पालक भांडायला आले, "उत्तर तर बरोबर आहे ना जी!" त्यांच्यासमोर पेपर ठेवला. त्यात लिहिलं होतं, "टाकीत 40 उरले." मी विचारलं, 40 काय? दोघेही बराच वेळ पेपरच पाहत बसले.