डोळे उघडले म्हणजे शुद्ध आली का?

मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागतो, बांधकामावर परांचीवरून माणूस खाली येतो, किंवा हृदय काही मिनिटे बंद पडून पुन्हा सुरू होते. जीव वाचतो, पण माणूस शुद्धीवर येत नाही. आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या घरच्यांपुढे मग दोनच प्रश्न असतात. त्याला आमचे काही कळते का? आणि तो बरा होईल का? कोणी म्हणतो, आता काही उरले नाही, घरी न्या. कोणी एखाद्या भगताचा पत्ता देतो. या दोन प्रश्नांवर वैद्यकशास्त्र काय सांगते, ते या वेळी पाहू.

जागे असणे आणि भान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे. कोमात दोन्ही नसतात, डोळे मिटलेलेच राहतात. कोमा सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर पुष्कळांचे डोळे उघडतात, झोप-जाग सुरू होते, जांभई येते, तोंड वेडेवाकडे होते. घरच्यांना वाटते, आला शुद्धीवर! परंतु काहींच्या बाबतीत ही नुसती जाग असते, भान नसते. जेनेट आणि प्लम या डॉक्टरांनी १९७२ साली या अवस्थेला 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' असे नाव दिले. कधी थोडे भान असते, पण ते येते आणि जाते. त्या अल्पभानाच्या अवस्थेची व्याख्या २००२ साली झाली. 'ब्रेन डेड' ही मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. अवयव प्रत्यारोपणासंबंधीच्या १९९४ च्या कायद्यानुसार तो मृत्यूच होय, आणि त्यातून कोणी परत येत नाही.

दवाखान्याच्या कागदावर 'जीसीएस' म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. ही ग्लासगो येथे १९७४ साली तयार झालेली मोजपट्टी. डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण मिळून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ होतात. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे स्थिती गंभीर. पण तो त्या घटकेचा आकडा असतो. झोपेची औषधे चालू असतील तर तो खाली दिसतो. तेव्हा एका आकड्यावरून धीर सोडू नये आणि हुरळूनही जाऊ नये.

भान ओळखण्यात जाणकारांचीही चूक होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भान नाही असे ठरवलेल्या ४४ रुग्णांची ठरावीक पद्धतीने पुन्हा तपासणी केली, तेव्हा १८ जणांत थोडे भान असल्याचे आढळले. २००६ साली इंग्लंडमध्ये एका २३ वर्षांच्या तरुणीला मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना 'टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर' असे सांगितले. ती बोट हलवू शकत नव्हती, पण तिचा मेंदू निरोगी माणसाप्रमाणे कामाला लागला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सांगितल्याप्रमाणे काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांत असाच छुपा प्रतिसाद मिळाला. म्हणजे चौघांत एक! म्हणून रुग्णाच्या उशाशी उभे राहून 'हा आता गेल्यातच जमा' असे कधीही बोलू नये.

बरे होण्याचा अंदाज कशावरून बांधतात? पहिली गोष्ट कारण. डोक्याला मार लागलेल्यांची आशा, हृदय बंद पडून किंवा बुडून मेंदूचा प्राणवायू तुटलेल्यांपेक्षा अधिक असते. दुसरी गोष्ट वय आणि तिसरी काळ. अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली 'कायमची' हा शब्दच बदलून 'दीर्घकालीन' असा केला. प्राणवायू तुटल्यास ३ महिन्यांनंतर आणि मार लागल्यास १२ महिन्यांनंतर हा शब्द लावायचा, कारण त्यानंतरही थोडेजण सुधारतात. पण त्यातील बहुतेकांना पुढेही मोठ्या आधाराची गरज लागते, हेही खरेच. खोटी आशा देणे आम्हाला मान्य नाही.

यात घरच्यांचे काम मोठे आहे, कारण डॉक्टर काही मिनिटे थांबतात आणि आई किंवा बायको दिवसभर बसते. एक वही ठेवा. रुग्ण ताजातवाना असताना त्याच्या डोळ्यांसमोर आरसा धरून हळूहळू बाजूला न्या आणि नजर मागे येते का पाहा. 'डोळे मिट', 'अंगठा हलव' असे एकच सोपे काम सांगा, थोडे थांबा, पुन्हा सांगा. काय सांगितले, काय केले, किती वेळा केले, ते तारीख-वेळेसह लिहा. हात आपोआप आवळला जाणे ही खूण नव्हे. सांगितल्यावर वारंवार तेच करणे ही खूण. वही डॉक्टरांना दाखवा आणि पुन्हा तपासणी मागा.

शुश्रूषा कशी असावी याचे उदाहरण मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला, तोवर ४१ वर्षे तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्या शुद्धीवर आल्या नाहीत, पण त्यांची आबाळही झाली नाही. घरीही तोच धडा गिरवावा. दर दोन तासांनी कूस बदला, नळीने अन्न देताना डोके उंच ठेवा, सांधे आखडू देऊ नका, छातीत कफ साठू देऊ नका. सुधारणा होण्याआधी जंतुसंसर्गच माणूस नेतो.

भगताला द्यायचे पैसे हवेची गादी आणि फिजिओथेरपीसाठी ठेवा. आणि सेवा एकाच बाईच्या अंगावर टाकू नका, घरातील पुरुषांनीही पाळी लावून घ्यावी. ही लढाई महिन्यांची असते, आणि उशाशी बसणारे माणूस टिकले तरच रुग्ण टिकतो.