अँटिव्हायरसला बँकेचे कुलूप उघडू द्यावे का?

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक असो वा दुसरे गाव, सातबारा, पीकविम्याचा अर्ज आणि बँकेचे व्यवहार अनेकदा एकाच संगणकावर होतात. त्यातील अँटिव्हायरसचे ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’ सुरू ठेवावे का?

हे कसे चालते?
एचटीटीपीएसमुळे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील माहिती कुलूपबंद असते. अँटिव्हायरस संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र बसवतो, ही माहिती मध्येच उघडून तपासतो आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवतो. त्यामुळे घातक फाइल वाटेतच अडवता येते.

धोका काय?
संकेतस्थळ खरे की बनावट, हे मग ब्राउझरऐवजी अँटिव्हायरस ठरवतो. ही तपासणी ढिली असेल, तर बनावट संकेतस्थळही खरे वाटते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा अनेक उत्पादनांमुळे सुरक्षा उलट कमी झाल्याचे आढळले. 2015 मध्ये लेनोव्होच्या लॅपटॉपमधील ‘सुपरफिश’ या जाहिरातींच्या सॉफ्टवेअरनेही हेच तंत्र वापरले होते. सगळ्या लॅपटॉपची गुप्त किल्ली एकच होती. ती फुटली आणि सगळेच उघडे पडले.

मग काय करावे?
हे स्कॅनिंग बंद असले, तरी डाउनलोड झालेली फाइल अँटिव्हायरसचे नेहमीचे संरक्षण तपासतेच. म्हणून ब्राउझर अद्ययावत ठेवावा आणि ही सोय बंद ठेवावी. सुरू ठेवायचीच असेल, तर निदान बँकेची संकेतस्थळे त्यातून वगळावीत.