बाबांची पकड



आमच्या जैनाबादच्या घरी बाबा संध्याकाळी ओसरीवर मांडी घालून व्हायोलिन वाजवायचे. व्हायोलिनचं डोकं उजव्या पायावर, दुसरं टोक छातीशी. मी कॉलेजात असताना पाश्चात्त्य पद्धतीने शिकायला लागलो आणि एकदा पाहुण्यांसमोर बोलून गेलो, "बाबा, ही पकडच चुकीची आहे. हनुवटीखाली धरायचं असतं." बाबा काही बोलले नाहीत. पण मी घरी असलो की ते पेटी उघडेनासे झाले.

यंदा मी बरोक वादन शिकायला घेतलं. बरोक म्हणजे युरोपातला साधारण १६०० ते १७५० चा काळ. आपल्या आहुखान्यात मुमताजला तात्पुरतं दफन केलं ते १६३१ साल याच काळातलं. पहिल्याच धड्याला सरांनी हनुवटीचा टेकू काढायला लावला. हा टेकू जर्मन वादक लुई श्पोर यांनी १८२० च्या सुमारास आणला. त्याआधी व्हायोलिन गळ्याच्या हाडावर नुसतं टेकवत, काही जण तर छातीशी धरत! मी गप्पच झालो.

मग मूळ गोष्टी पुन्हा शिकलो. बरोक गज बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेला आणि टोकाकडे हलका असतो. त्यामुळे तो खाली ओढताना नाद आपोआप विरत जातो. जोराची मात्रा या खालच्या ओढीवर घ्यायची, आपल्या समेसारखी. तारा आतड्याच्या तातीच्या. दाबल्या की किरकिरतात. व्हायोला व्हायोलिनपेक्षा पंचमाने खाली लागतो. त्याची जाड तार उशिरा बोलते, म्हणून तिथे गजाला घाई चालत नाही.

वोल्फगांग मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी १७५६ मध्ये व्हायोलिनवर पुस्तक लिहिलं. त्यातला एक रियाज असा: एकच लांब स्वर हळू सुरू करायचा, मध्यावर भरायचा, शेवटी विरू द्यायचा. प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्यांना त्यांनी चांगलंच झापलं आहे. कंप हा अलंकार. तो जागा पाहूनच घालायचा.

टेकू नसला की डाव्या हाताला वाद्य सावरावंही लागतं आणि बोटंही चालवावी लागतात. वरच्या स्वरावरून खाली येताना व्हायोलिन निसटू पाहतं. तेव्हा बाबांची बैठक आठवली. छाती आणि पाय यांच्यामध्ये वाद्य स्थिर, हात पूर्ण मोकळा, म्हणून मींड सलग येते. पं. व्ही. जी. जोग, पं. डी. के. दातार असेच बसून वाजवत.

गेल्या महिन्यात घरी गेलो. टेकू काढलेलं व्हायोलिन बाबांना दाखवलं, थोडं वाजवलं आणि त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "गज फार दाबतोस. नुसता सा लाव. लांब. घाई नको."

मग आत जाऊन त्यांनी आपली पेटी आणली.