नव्या संगीतास कान द्यावा

मनुष्यास डोळे मिटतां येतात, कान मिटतां येत नाहींत. म्हणून दिवसभर कानांवर जें आपोआप पडतें तेंच संगीत, अशी बहुतेकांची समजूत होऊन बसते. वऱ्हाड व मराठवाडा यांच्या सीमेवरील आमच्या धाडसारख्या गांवांत पहाटेची काकडआरती, सप्ताहांतील टाळ-मृदंग, वरातीपुढील बँड व हल्लीं त्याची जागा घेणारा डीजे, आणि घरोघर मोबाईलवर वाजणारीं चित्रपटांतील गाणीं, एवढेंच बहुधा आमचें श्रवण. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु चित्रपटाच्या आधाराशिवाय, केवळ स्वतःच्या कल्पनेस अनुसरून जे कलावंत नवें संगीत निर्माण करितात, त्यांचें काम आमच्यापर्यंत क्वचितच पोहोंचतें. तें मुद्दाम शोधून ऐकावें, अशी आमची विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आग्रहाची सूचना आहे.

यावर कोणी पालक म्हणतील, "हे नवे प्रयोग कानास गोड लागत नाहींत, आपलें जुनें तेंच बरें." या आक्षेपास भजनी मंडळांतील पेटीच उत्तर देईल. पेटी मूळची युरोपांतील. १८४२ सालीं पॅरिस येथें तिचें पेटंट घेतलें गेलें. आपल्याकडे आल्यावर तिचें रूप पालटलें. पायांनीं भाता हलविण्याऐवजीं एका हातानें भाता व दुसऱ्या हातानें सूर, अशी बैठकीची सोय झाली. तरीहि तिच्यांतून मींड निघत नाहीं, हा दोष दाखवून आकाशवाणीनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. आज पेटीवांचून भजन आम्हांस सुनें वाटतें. तेव्हां पहिल्या ऐकण्यांत एखादी गोष्ट परकी वाटली, एवढ्यानें ती टाकाऊ ठरत नाहीं.

ज्यांस नव्याची संवय नाहीं त्यांनीं प्रथम १९६७ सालीं निघालेली "कॉल ऑफ द व्हॅली" ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. शिवकुमार शर्मा यांचें संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी व ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार, अशी ही त्रयी. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरांतील एका मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या रागांपर्यंत क्रमानें उलगडत जावा, अशी तिची योजना आहे. संतूर हें शास्त्रीय संगीतास योग्य वाद्य नव्हे, असें त्या काळीं अनेक जाणकार म्हणत. आज ती ध्वनिमुद्रिका जगभर मान्यता पावलेली आहे. अल्बम म्हणजे सुट्या गाण्यांची पिशवी नसून एका विचारानें ओवलेली माळ असते, हें यावरून मुलांस सहज समजेल.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें व थोडें खेदाचें आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं "टेन रागाज टु अ डिस्को बीट" ही ध्वनिमुद्रिका केली. ललत, तोडी, मधुवंती, मेघमल्हार असे दहा राग त्यांनीं तीन जपानी विद्युत्-वाद्यांवर, यंत्राच्या न चुकणाऱ्या ठेक्याशीं जोडून वाजविले. त्या वेळीं तिची कोणी फारशी दखल घेतली नाहीं. २०१० सालीं हॉलंडमधील एका प्रकाशकानें ती पुन्हां काढली, तेव्हां परदेशांतील रसिक थक्क झाले. कारण अमेरिकेंतील शिकागो शहरीं १९८७ च्या सुमारास जें नृत्यसंगीत नवें म्हणून गाजलें, त्याच्याशीं या वादनाचें विलक्षण साम्य होतें. २०१५ सालीं चरणजित सिंग निवर्तले. म्हणजे अठ्ठावीस वर्षें वाट पाहिल्यावर त्यांस अवघीं पांच वर्षें कौतुक लाभलें. कलावंतानें आपलें काम वेळेवर केलें होतें; उशीर झाला तो ऐकणारांकडून. नवें ऐकण्याचा आळस निरुपद्रवी आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं या हकीकतीचा विचार करावा.

आतां आमच्या बाजूस येऊं. शेजारच्या अकोल्याचे आनंद मोडक यांनीं बँकेंतील नोकरी सांभाळून मराठी रंगभूमीस व चित्रपटास अनेक वेगळ्या चाली दिल्या. कवि ग्रेस यांच्या कविता दुर्बोध म्हणून प्रसिद्ध; त्यांस मोडकांनीं चाली लावल्या व त्यांतून "साजणवेळा" हा कार्यक्रम उभा राहिला. वाचतांना जी कविता दूर राहते ती सुरांतून जवळ येते, हा अनुभव वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं अवश्य घ्यावा.

अगदीं अलीकडचें ऐकावयाचें तर "अभंग रिपोस्ट" या मुंबईच्या तरुण मंडळीचें गायन ऐकावें. संतांचे अभंग ते गिटारच्या साथीनें गातात. सप्ताहांत वाढलेल्या आजोबांस व नातवंडांस एकत्र बसून ऐकण्यास हें उत्तम. "स्वदेशी" या मुंबईच्या रॅप करणाऱ्या गटाचें २०१९ चें "द वारली रिव्होल्ट" हें गीत आरे येथील जंगल व आदिवासींची जमीन यांविषयीं आहे. त्यांत आदिवासी समाजांतील प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ज्यांचें जंगल त्यांच्याच कंठांतून तक्रार ऐकूं आल्यानें तें मनास भिडतें. केवळ ठेका आवडणाऱ्या मुलांनीं २०२४ चें क्रेटेक्स व श्रेयस सागवेकर यांचें "तांबडी चामडी" ऐकावें. हॉलंडमधील नामांकित प्रकाशकानें मराठी शब्द असलेलें हें नृत्यगीत जगापुढें मांडलें. त्याच वर्षीं जळगांव जिल्ह्यांतील संजू राठोड यांचें "गुलाबी साडी" घरोघर पोहोंचलें. तें कोणास आवडो वा न आवडो. चित्रपटाच्या शिडीवांचून खेड्यांतील मुलाचें गाणें देशभर जातें, एवढें त्यानें सिद्ध केलें आहे.

नवें तें सर्वच चांगलें, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. त्यांत उथळ आहे, नक्कल आहे, केवळ गोंगाटहि आहे. परंतु निवड करावयाची तर आधीं ऐकावें लागतें. मोबाईलवरील यंत्रणा आपण काल जें ऐकलें त्यासारखेंच आज पुढें ठेवते. तिच्या स्वाधीन झालेला कान एकाच गल्लींत फिरत राहतो. यासाठीं आमचा साधा नियम असा. महिन्यास एक अपरिचित अल्बम घ्यावा. तो आरंभापासून शेवटपर्यंत, दिलेल्या क्रमानें, हातांतील काम बाजूस ठेवून ऐकावा. थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानें तीनदां ऐकावा. मग आवडला किंवा नावडला हें सकारण दोन ओळींत वहीत लिहावें, आणि आवडल्यास निदान दोघांस तरी सांगावें. ज्या कलावंताच्या जाहिरातीस पैसा नाहीं, त्याची जाहिरात ऐकणाराचें तोंडच होय.

पालकांनींहि मुलांच्या आवडीस "धांगडधिंगा" म्हणून एका शब्दांत निकालांत काढूं नये. शेजारीं बसून एकदां ऐकावें व मग खुशाल टीका करावी. आणि मुलांनीं त्याची परतफेड करावी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भारुडें, सप्ताहांतील जुन्या चाली त्याच मोबाईलवर, तिच्या परवानगीनें, मुद्रित करून ठेवाव्या. प्रयोग शून्यांतून होत नाहींत. "स्वदेशी"स भोईर यांचा आवाज लाभला, चरणजित सिंग यांस शेंकडों वर्षांचे राग लाभले. धाडच्या ओव्यांवर उभा राहणारा अल्बम अजून कोणी तरी करावयाचा आहे. तो करणारा मुलगा वा मुलगी आमच्या शाळेच्या बांकावर असो, अगर आणखी कोठें असो. त्यास ऐकणारे मात्र अठ्ठावीस वर्षांनीं नव्हे, तर पहिल्या दिवशींच मिळावे.