ध्वनिमुद्रिका म्हणजे संहिता नव्हे

'जमुना के तीर' ही भैरवीतील ठुमरी अब्दुल करीम खाँ आणि भीमसेन जोशी या दोघांच्याही ध्वनिमुद्रणांत ऐकावयास मिळते. त्यांची तुलना करून खाँसाहेबांना 'संयत' आणि भीमसेनांना 'विस्तारशील' ठरविणारी समीक्षा मुळातच सदोष आहे. १९३७ साली निवर्तलेल्या खाँसाहेबांच्या वाट्याला ७८ गतीच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे आली. भीमसेनांना लाँग-प्लेचा आणि ध्वनिफितीचा अवकाश लाभला. यंत्राची मर्यादा ही कलावंताची सौंदर्यदृष्टी मानणे हा प्रमाद होय.

मर्यादेचे सोने करणे हेही कलावंताचेच कर्तृत्व, असा प्रतिवाद होईल. तो मान्य, परंतु त्यावरून मैफलीतील गायकीचा स्वभाव सिद्ध होत नाही.

या तुलनेचा आदर्श पाश्चात्त्य आहे. आल्फ्रेड कोर्तो याने शोपँची चोवीस प्रेल्यूड १९२६ साली आणि पुढच्या दशकात पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती ताडून पाहता येतात, कारण दोहोंमागे एकच लिखित स्वरलेख उभा आहे. वादकाने लयीत घेतलेले स्वातंत्र्य त्याच्याशी पडताळता येते. ठुमरीत शब्द आणि चाल हा केवळ सांगाडा. भावविस्तार हीच रचना. म्हणून समान कालावधीची मुद्रणेच परस्परांशी ताडली पाहिजेत. अन्यथा किराणा घराण्याविषयीची आपली विधाने ध्वनिमुद्रिकेविषयीची ठरतील, गायकीविषयीची नव्हेत.